सहल स्वस्त, पण कुणाच्या जिवावर?

"अंदमान? आणि ते पण फॅमिलीबरोबर? लॉटरी लागली काय रे?"

जानेवारीच्या सुट्टीवरून परत आलो आणि बॅग खाली ठेवायच्या आत रूम पार्टनरने टाकलेला हा पहिला प्रश्न. पाठोपाठ अख्खी विंग जमली. आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू दहा मिनिटांत 'सबमिट' झाले, आणि चर्चा रंगली ती थेट रात्री दोनपर्यंत. एरवी एवढ्या पोटतिडकीने आम्ही फक्त मेसच्या आमटीवर बोलतो!

चर्चेत दोन पक्ष पडले. पहिला पक्ष म्हणाला, "बेटावर जायचं तर मालदीवला जावं, पाण्यावरच्या खोलीत राहावं, नाहीतर जाऊच नये. कंजूषपणा करून कसली आलीय स्टाईल?" दुसरा पक्ष म्हणाला, "ही सगळी श्रीमंतांची थेरं. आपल्यासारख्यांनी गणपतीपुळे करावं, प्रसाद घ्यावा, घरी यावं." दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. स्वस्त आणि स्टायलिश या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

मित्रहो, मला हे पटत नाही. का पटत नाही तेच सांगायला हा लेख. आणि आधीच सांगून टाकतो, हे प्रवासवर्णन नाही. निळाशार समुद्र, रुपेरी वाळू वगैरे तुम्ही फोटोत पाहिलंच आहे.

तर घरची परिस्थिती अशी. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, गेल्या वर्षी निवृत्त झाले. ताईचं लग्न ठरलंय, मे महिन्यात आहे. मी शेवटच्या वर्षाला. म्हणजे आम्ही चौघं 'आपलं घर' म्हणून एकत्र कुठे जाऊ, अशी ही बहुतेक शेवटची सुट्टी. आणि आई? लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण या काळात ती जिथे जिथे गेली तिथे तिथे तिने स्वयंपाक केला. पंढरपूरला केला, तुळजापूरला केला, मामाकडे गेली तर मामीला मदत म्हणून केला. एकदा आम्ही कोकणात गेलो होतो, तेव्हा खोलीवर स्टोव्ह नेला होता. आम्ही तिघं समुद्रात डुंबत होतो आणि आई पोहे परतत होती. त्या सहलीचा खर्च किती कमी आला हे बाबा पुढे कित्येक वर्षं कौतुकाने सांगायचे!

माझा मुद्दा इथेच आहे. आपल्याकडच्या बहुतेक 'स्वस्तात मस्त' सहली खऱ्या अर्थाने स्वस्त नसतातच. पैसे वाचतात, पण ते कुणाच्या तरी जिवावर वाचतात. कधी आईच्या कष्टांवर, कधी बाबांच्या गुडघ्यांवर, कधी सगळ्यांच्या झोपेवर. म्हणून सहलीचा हिशेब दोन वह्यांत मांडायला हवा. एका वहीत रुपये. दुसऱ्या वहीत घाई, जागरण, ओझं आणि ड्युटी. पहिली वही सगळेच लिहितात. दुसरी वही कोरी राहते, आणि सहलीहून परत आल्यावर "आता दोन दिवस आराम पाहिजे बाई" या वाक्यात तिची बेरीज निघते.

आणि स्टाईल? माझ्या मते स्टाईल म्हणजे घरातलं कुणीही ड्युटीवर नसणं. बस्स.

आता तुम्ही विचाराल, मग अंदमानच का? आपल्याला सातशे किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे की! प्रश्न रास्त आहे. रंगीत मासे बघायचे तर ते मालवणलाही दिसतात. पण बाबांनी तीस-एक वर्षं वर्गात उभं राहून सेल्युलर जेल शिकवलं होतं आणि ते पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या चित्रापलीकडे कधी पाहिलं नव्हतं. घरात अंदमान हा शब्द आला की ते दोन मिनिटं गप्प व्हायचे. शिवाय मालदीवला पासपोर्ट लागतो (आमच्या घरात एकाचाही नाही), आणि तिथे विमानतळावरून रिसॉर्टच्या बेटापर्यंत जायलाच वेगळी बोट, नाहीतर वेगळं विमान. लक्षद्वीपला परवाना काढावा लागतो. अंदमानच्या नेहमीच्या ठिकाणांना आपल्याला यातलं काहीच लागत नाही. ओळखपत्र खिशात असलं की झालं.

एक खुलासा करतो, नाहीतर गोंधळ व्हायचा. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे आणि हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप. पण तिथले रिक्षावाले आणि बोटवाले अजून सर्रास जुनी नावं घेतात, त्यामुळे मीही तीच वापरतो.

तर प्लॅनिंगची जबाबदारी घरातला इंजिनिअर म्हणून अर्थातच माझ्यावर आली. मी एक्सेल उघडलं. पाच दिवस, नऊ ठिकाणं, प्रत्येक ठिकाणासमोर वेळ मिनिटांत. सेल रंगवले. स्वतःवरच खूश झालो! ताईने ती शीट पाहिली आणि म्हणाली, "ही सहल आहे की प्रॅक्टिकलचं टाईमटेबल? यात आई बाथरूमला कधी जाणार ते लिही."

राग आला, पण नीट पाहिलं तर तिचं म्हणणं बरोबर होतं. पाच दिवसांत आम्ही तीन वेळा सामान बांधत होतो, चार वेळा बोटीत बसत होतो आणि एका दिवशी पहाटे तीनला उठत होतो. आमच्या गावातल्या एका टूरवाल्याचं पत्रक आणलं, त्यातही हेच. 'सहा दिवस, अकरा पॉईंट.' पॉईंट जितके जास्त तितका पैसा वसूल, असा आपला समज असतो. अरे, थाळीत अकरा वाट्या आहेत म्हणून जेवण चांगलं होतं का? मेसमध्ये राहणाऱ्यांना हे मी सांगायला पाहिजे?

मग काटछाट सुरू केली, आणि मला एक साधा नियम सापडला. खर्च कमी करायचा असेल तर ठिकाणं कमी करा, दिवस नका कमी करू. का? तर विमानाचं तिकीट तीन दिवस राहा नाहीतर सात दिवस राहा, तेवढंच लागतं. बेटावर एक दिवस जास्त राहायचा खर्च म्हणजे खोली आणि जेवण. पण एक ठिकाण वाढवलं की बोट, टॅक्सी, हमाल, वाटेतलं महागडं पाणी आणि अर्धा दिवस, एवढं सगळं जातं.

पहिलं नाव कापलं ते बाराटांगचं. तिथे चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे. पण तिथे जायचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला बंदी असते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने या जंगलातला रस्ता बंद करायचा आदेश दिला होता, तरी रस्ता चालूच राहिला. २०१२ साली तर पर्यटकांपुढे जारवा बायकांना नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला आणि जगभर छी-थू झाली. आमच्या त्या टूरवाल्याने हळूच सांगितलं, "नशीब असेल तर जारवा दिसतात." बाबा तिथेच म्हणाले, "माणसं बघायला जायला ते काय प्राणिसंग्रहालय आहे? खोडा ते." खोडलं. पहाटे तीनचं उठणं वाचलं, गाडीभाडं वाचलं आणि मान खाली घालावी लागली नाही ती वेगळीच.

दुसरं कापलं ते नील बेट. हे कापताना मात्र जिवावर आलं. छोटंसं बेट, सायकलवरून फिरता येतं, भाजीपाल्याची शेती आहे. ताई अजून हळहळते. पण नील ठेवलं असतं तर हॅवलॉकच्या तीन रात्रींच्या दोन झाल्या असत्या आणि सामान पुन्हा एकदा बांधावं लागलं असतं. शेवटी ठरलं ते असं: पोर्ट ब्लेअर एक रात्र, हॅवलॉक तीन रात्री, परत पोर्ट ब्लेअर दोन रात्री. एकूण दोनच मुक्काम. एक्सेलची शीट इतकी लहान झाली की छापायची गरजच उरली नाही.

आता पहिल्या वहीकडे येऊ, कारण मला माहितीये की तुम्हाला आकडा ऐकायचाय. चौघांचे मिळून सुमारे एक लाख दहा हजार लागले. म्हणजे माणशी साडेसत्तावीस हजार. थोडे नाहीत, कबूल. यातला सगळ्यात मोठा तुकडा विमानाचा. तो कमी करायला दोन गोष्टी केल्या. एक, मुंबई-पुण्याहून न उडता सोलापूरहून रेल्वेने चेन्नई गाठली आणि तिथून विमान धरलं. चेन्नईहून सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर येतं. रेल्वेत आईने दिलखुलास गप्पा मारल्या, समोरच्या तेलुगू काकूंकडून गोंगुऱ्याच्या चटणीची कृती घेतली, आणि त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती हे आम्हाला नंतर कळलं. दोन, तारखा. नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात तीच खोली आणि तेच विमान ऐन भावात असतं. आमची परीक्षा संपल्यावर आठ दिवस थांबलो आणि गर्दी ओसरल्यावर गेलो. जानेवारीत समुद्रही शांत असतो. मे महिन्यात तिथे पावसाला सुरुवात होते आणि दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळून तो वर्षअखेरीपर्यंत रेंगाळतो. 'ऑफ सीझन आहे, स्वस्त आहे' म्हणून जुलैत गेलात तर खोली स्वस्त मिळेल, पण खोलीच बघत बसावं लागेल!

हॅवलॉकला जाताना सरकारी बोटीने गेलो, येताना खाजगी. सरकारी बोट अडीच तास घेते, खाजगी दीड तास. तिकिटात फरक बराच आहे. सगळे जण 'खाजगीच घ्या, वेळ वाचतो' म्हणतात. पण जाताना आम्हाला घाई कसली होती? सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं. बेटावरची शाळेतली पोरं, कोंबड्यांची पाटी, बंगाली आज्या असा सगळा गाव बोटीत होता. आपल्या एस.टी.ची आठवण झाली. खाजगी बोटीत काचेआड एसीत बसायचं. बाबांना उलटीचा त्रास होतो, म्हणून येताना लवकर पोचणारी घेतली. म्हणजे स्वस्त की महाग हा प्रश्नच नव्हता. कुठे काय सोसवतं, हा प्रश्न होता.

जिथे पैसे वाचवले नाहीत तेही सांगतो. हॅवलॉकची खोली किनाऱ्याला लागून घेतली. स्वस्त खोली आत दोन किलोमीटरवर मिळत होती, रोजचे पाचशे वाचले असते. पण मग समुद्रावर जायचं म्हणजे 'कार्यक्रम' झाला असता. रिक्षा ठरवा, सगळे तयार व्हा, कोण राहिलं बघा. खोलीच्या दारातून चपला न घालता पाण्यापर्यंत जाता आलं, याची किंमत पाचशे रुपयांहून कितीतरी जास्त आहे. पहाटे उठून बघतो तर बाबा एकटेच वाळूत जाऊन बसलेले. निवृत्तीनंतर हा माणूस घरात नुसता येरझाऱ्या घालत होता. इथे दोन तास एका जागी बसला!

आणि आता तो प्रसंग. निघायच्या आदल्या रात्री मी बॅगा वजन करत होतो. आईची बॅग प्रमाणाबाहेर जड. उघडून पाहिलं तर आत छोटी इंडक्शन शेगडी, एक पातेलं, डाळ-तांदळाच्या पिशव्या आणि हळद-तिखटाचा डबा!

"आई, हे काय?"

"अरे, तिकडं सगळं मासळीचं. माझा गुरुवार असतो. आणि खोलीवर खिचडी टाकली तर दोन वेळचे पैसे वाचतील. मला काय त्रास आहे?"

बाबा म्हणाले, "बरोबर आहे तिचं." ताई आणि मी एकमेकांकडे पाहिलं. ताई म्हणाली, "बाबा, मग असं करू. खिचडी तुम्ही टाका."

बाबा हसले, मग गप्प झाले, आणि त्यांनी स्वतःच शेगडी उचलून माळ्यावर ठेवली. आई मात्र रुसली. चेन्नईपर्यंत 'बघा हं, उपाशी राहावं लागेल' चालू होतं. मित्रांनो, 'मला काय त्रास आहे' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि सोयीचं आहे म्हणून खरं मानलंय.

उपाशी वगैरे कुणी राहिलं नाही. हॅवलॉकवर बरीचशी वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसवलेल्या लोकांची. किनाऱ्यांना तीन नंबर, पाच नंबर अशी नावं पडलीत आणि गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, कृष्णनगर, राधानगर. बाजारातल्या साध्या खानावळीत डाळ, भात, बटाट्याची खसखस घातलेली भाजी, तळलेलं वांगं असं घरगुती जेवण मिळतं आणि वर भात वाढायला कुणी कंटाळत नाही. गुरुवारही पार पडला. तिसऱ्या दिवशी आई खानावळीच्या मावशींना विचारत होती, "खसखस भिजवून वाटता का कोरडी?" मी म्हटलं, झालं! पण तिने फक्त विचारलं. करायला गेली नाही.

थोडं इंजिनिअरिंगही सांगतो, नाहीतर सर म्हणतील मराठी विभागात नुसत्या गप्पा असतात. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. सोलापूर साधारण ७६ पूर्व रेखांशावर, पोर्ट ब्लेअर जवळपास ९३ वर. फरक सतरा अंशांचा, म्हणजे अडुसष्ट मिनिटांचा. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. याचा अर्थ काय, तर जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्या सवयीने दुपारी झोप काढून पाचला चहा घेऊन समुद्रावर निघालात तर अंधार बघून परत याल! राधानगरचा किनारा पश्चिमेला आहे, 'टाइम' मासिकाने २००४ साली त्याला आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं. तिथे तीनलाच पोचायला हवं. उलट विजयनगरचा किनारा पूर्वेकडे, तिथे पहाट बघायची. दोन्ही फुकट. दिवसाला भरती-ओहोटी दोन-दोनदा येते आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. विजयनगरला ओहोटीत पाणी इतकं आत जातं की पोहायचं राहू द्या, गुडघाही भिजत नाही. आधी वेळ विचारून घेतली की दिवस वाया जात नाही. हे कुठल्याही पत्रकात नसतं, आणि याला एक रुपया लागत नाही.

दुसरी गोष्ट, फॅक्टर ऑफ सेफ्टी. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरला असायलाच हवं. त्याच दिवशी सकाळच्या बोटीने येऊ आणि दुपारी विमान पकडू, असा हिशेब करणारे खूप असतात. समुद्र खवळला की बोटी बंद. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, नौदलाने जाऊन सोडवलं. आम्ही दोन रात्री राखून ठेवल्या. पूल बांधताना आपण जसं जास्तीचं लोखंड घालतो, तसंच हे. वापरलं गेलं नाही म्हणून वाया गेलं असं होत नाही.

आणि त्या राखून ठेवलेल्या वेळातच सेल्युलर जेल आलं. पत्रकातल्या प्लॅनमध्ये जेलला एक तास होता, विमानातून उतरल्या उतरल्या. बाबांचा सबंध जन्म ज्यात गेला त्याला एक तास! आम्ही त्यांना अख्खी दुपार दिली. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेली इमारत. मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात बाजू निघत होत्या, ६९३ कोठड्या. एका बाजूच्या कोठड्यांचं तोंड दुसऱ्या बाजूच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहरासुद्धा दिसू नये. आज तीन बाजू उभ्या आहेत. डिझाईन म्हणून बघायला गेलं तर अचूक आहे, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. आपण जे शिकतो ते कशासाठी वापरलं जाऊ शकतं, याचा धडा कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही.

सावरकर १९११ साली इथे आले, थोरले बंधू बाबारावही इथेच होते. बाबा त्या कोठडीत गेले, मग कोलूपाशी उभे राहिले, मग फाशीघराकडे गेले. बंगालच्या, पंजाबच्या कैद्यांची नावं कोरलेली आहेत ती एक एक करून वाचली. आम्ही काही बोललो नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "मी मुलांना हे एका तासिकेत शिकवायचो." पुढे काही नाही. एका तासाच्या पॅकेजमध्ये हे वाक्य ऐकायला मिळालं नसतं.

तर अशी सहल. त्यात आईचं पाण्यात उतरणंही होतं. आधी पाऊल, मग घोटा, मग ताईचा हात धरून कमरेपर्यंत. लाट आली की लहान मुलीसारखी ओरडायची. अर्धा तास झाला, तास झाला, बाहेर यायला तयार नाही. कारण बाहेर येऊन तिला काही करायचंच नव्हतं! ताईने काढलेला तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये आहे. मालदीववाल्या पक्षाने हा फोटो बघितला आणि त्यांनाही ते मालदीवच वाटलं. खोलीचं भाडं फोटोत येत नाही, चेहरा येतो.

जाता जाता दोन सूचना, कारण आपल्यातले बरेच जण नियम म्हटलं की पळवाट शोधतात. किनाऱ्यावरचं प्रवाळ, अगदी मेलेलं असलं तरी, उचलून आणायला बंदी आहे. २०१० साली पाणी तापल्यामुळे तिथलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं. जे उरलंय त्यावर पाय ठेवून सेल्फी काढू नका. आणि मगरींच्या पाट्या लावलेल्या असतात त्या शोभेच्या नाहीत. २०१० मध्येच हॅवलॉकला मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक मुलीचा जीव गेला होता. पाटी दिसली की पाण्यापासून लांब राहा.

आता दुसऱ्या पक्षाचा आक्षेप. त्या रात्री आमच्याच विंगमधला एक जण शेवटपर्यंत गप्प होता. सगळे गेल्यावर म्हणाला, "तुझ्या बाबांना निवृत्तीचे पैसे आले म्हणून जमलं. आमच्याकडे लाख रुपये आले तर ते आधी विहिरीला जातील." खरं आहे. मला उत्तर सुचलं नाही. नंतर विचार केला. त्याच्या घराने अंदमानला जावं असं मी म्हणतच नाही. एस.टी.ने दिवेआगर करा, तारकर्ली करा, जवळच्या धरणावर एक दिवस जा. पण दुसरी वही तिथेही उघडा. स्टोव्ह घरी ठेवा. घरगुती खानावळीत बसा, तिथे चौघांचं जेवण होतं त्यातून एका बाईच्या घराला दोन पैसे मिळतात आणि आपल्या आईला एक दिवस मिळतो. सात ठिकाणांऐवजी एकाच किनाऱ्यावर राहा. नियम तोच, फक्त समुद्र जवळचा.

आणि जी मुलं कॅम्पसमधून नोकरीला लागली आहेत, त्यांच्यासाठी खास. पहिल्या पगारात आई-बाबांना सहलीला पाठवायचं आपण सगळेच बोलतो. पैसे भरून पॅकेजमध्ये पाठवू नका. त्यांना अकरा पॉईंट पळवतील आणि ते बिचारे 'छान झालं हो' म्हणतील. बरोबर जा. नोकरी लागल्यावर रजा मिळणार नाही, म्हणून ही सुट्टी सोडू नका. प्राध्यापक मंडळींनाही हेच सांगतो. रजा प्रवास सवलत आपापल्या नियमात बसत असेल तर सर, ती लॅप्स करू नका. घरी मॅडमना विचारा, त्यांना कुठे जायचंय ते!

कारण खरी सुरुवात तिथूनच होते. आम्ही सगळं ठरवल्यावर मी आईला सहज विचारलं होतं, "आई, तुला काय बघायचंय तिकडं?" ती बराच वेळ विचार करत बसली. तिला उत्तरच देता येईना, कारण हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. परवा मात्र तिचा फोन आला. ताईच्या लग्नाच्या याद्या, बस्ता, आचारी सगळं सांगून झालं आणि फोन ठेवताना म्हणाली, "अरे, ते नील का काय बेट राहिलंय ना रे? तिथं सायकल भाड्यानं मिळते म्हणत होतास."

आईला सायकल येते, हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं.